भाषाविज्ञान की परदेशात इंग्रजीचे अध्यापन : नव्याने वाट धरणाऱ्यांसाठी

साहित्यात पदवी घेणारे, पण कवितेपेक्षा व्याकरणाच्या तासाला अधिक रमणारे काही विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्यांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक, भाषाविज्ञानात एम. ए. करावे, दुसरा, इंग्रजी शिकवण्याचे एखादे प्रमाणपत्र घेऊन परदेशी जावे. हे दोन्ही सल्ले एका दमात दिले जात असल्यामुळे ते एकाच रस्त्याचे दोन टप्पे आहेत, असा समज होतो. प्रत्यक्षात भाषाविज्ञान हे संशोधनाचे शास्त्र आहे आणि इंग्रजीचे अध्यापन हा रोज वर्गात उभे राहण्याचा व्यवसाय आहे. दोहोंची प्रवेशाची अट, खर्च आणि कमाई सुरू होण्याचा काळ निरनिराळा आहे. म्हणून आधी आपल्याला कुठे जायचे आहे आणि तिथे आपल्यासारख्याला प्रवेश आहे का, हे पाहावे, आणि अभ्यासक्रमाचे शुल्क त्यानंतर भरावे. बहुतेक जण याच्या उलट क्रमाने जातात आणि हाती प्रमाणपत्र आल्यावर देश शोधू लागतात.

पहिली पायरी : आवड नेमकी कशाची आहे, ते तपासणे

भाषाविज्ञानाची आवड आहे का, हे मराठीवरूनच तपासता येते. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’ आणि ‘त्याने आंबा खाल्ला’ ही तीन वाक्ये शेजारीशेजारी लिहावीत. पहिल्या दोन वाक्यांत खाणारी व्यक्ती तीच असताना क्रियापद आंब्याप्रमाणे आणि पोळीप्रमाणे बदलते. तिसऱ्या वाक्यात कर्त्याला ‘ने’ लागतो, पण ‘मी’ला तो लागलेला दिसत नाही. असे का, हा प्रश्न पडून त्यासाठी आणखी वीस-पंचवीस वाक्ये गोळा करावीशी वाटली, तर भाषाविज्ञानाचा विचार गंभीरपणे करावा. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले दोन वेगळे च, किंवा ऐकणाऱ्याला धरून बोलताना ‘आपण’ आणि त्याला वगळून बोलताना ‘आम्ही’, हेही याच जातीचे प्रश्न आहेत. त्यांचे उत्तर शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे ठरवून मिळत नाही. लोक प्रत्यक्षात कसे बोलतात, हे नोंदवून मिळते. ज्यांना शुद्धलेखनाच्या चुका शोधण्यात आनंद वाटतो, त्यांनी मुद्रितशोधनाचा किंवा संपादनाचा मार्ग धरावा. तोही चांगला मार्ग आहे, पण तो भाषाविज्ञानाचा नाही.

अध्यापनाची परीक्षा वेगळी आहे. शेजारच्या सातवी-आठवीतल्या मुलाला इंग्रजीतला साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतला फरक महिनाभर शिकवून पाहावा. ‘आय हॅव मेट हिम यस्टर्डे’ असे मूल का म्हणते, हे मराठीभाषक शिक्षकाला लगेच उमगते, कारण ‘मी त्याला काल भेटलो आहे’ हे वाक्य आपल्या कानाला खटकत नाही. इंग्रजी जन्मतः येणाऱ्या शिक्षकाकडे ही समज आपोआप येत नाही. तीच चूक त्या मुलाने दहाव्यांदा केल्यावरही आपला आवाज चढत नसेल, तर हा व्यवसाय झेपण्यासारखा आहे.

दुसरी पायरी : भाषाविज्ञानाकडे जाणाऱ्यांसाठी

भाषाविज्ञानाच्या एम. ए.साठी बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे बी. ए. दुसऱ्या विषयात झाले म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात पहिले नाव पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे घ्यावे लागते. १८२१ मधल्या पाठशाळेपर्यंत मुळे जाणारी ही संस्था १९३९ पासून पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून काम करते, आणि पुरातत्त्व व भाषाविज्ञान हे तिचे सुरुवातीपासूनचे विषय आहेत. मुंबई विद्यापीठातही भाषाविज्ञानाचा विभाग आहे. राज्याबाहेर जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ आणि हैदराबादचेच इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठ, म्हणजे इफ्लू, यांचा विचार करावा. अनेक केंद्रीय विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक परीक्षेतून होतात. तिचे अर्ज परीक्षेच्या बरेच आधी भरले जातात, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीनंतर संकेतस्थळावर नियमित लक्ष ठेवावे.

अभ्यासक्रमात स्वनविज्ञान (उच्चारलेल्या ध्वनींचा अभ्यास), स्वनिमविचार (एका भाषेतील ध्वनींच्या व्यवस्थेचा अभ्यास), रूपविचार (शब्दांच्या घडणीचा अभ्यास), वाक्यविचार, अर्थविचार आणि समाजभाषाविज्ञान हे विषय सर्वत्र थोड्याफार फरकाने असतात. मात्र नुसते वर्ग पुरत नाहीत. काही साधने हाताखालून गेली पाहिजेत. ध्वनीचे विश्लेषण करण्यासाठी ‘प्रात’ आणि ध्वनिचित्रफितींचे टिपण करण्यासाठी ‘एलान’ या दोन्ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळतात. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वाचता-लिहिता येणे आणि उदाहरणवाक्यांखाली पदशः अर्थ देण्याची लाइपझिग पद्धत अवगत असणे, एवढे पहिल्या सहामाहीत जमवावे. संगणकाची भीती नसेल, तर पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषाही शिकून घ्यावी. मराठी साहित्यातून आलेल्या विद्यार्थ्यांना हे परके वाटते. पण नोकरीची जाहिरात वाचल्यावर त्याचे महत्त्व कळते.

नोकरीबद्दल स्पष्ट बोलणे बरे. महाविद्यालयात शिकवायचे, तर यूजीसी-नेटमध्ये भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याचा संकेतांक ३१ आहे. पण देशात या विषयाचे विभागच थोडे असल्याने जागाही थोड्याच निघतात. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून भारतीय भाषांचे दस्तऐवजीकरण आणि अध्यापनसाहित्य यांवर काम करते. तिथले प्रकल्प बहुधा मुदतीच्या नेमणुकांवर चालतात. सध्या अधिक हालचाल आहे ती भाषातंत्रज्ञानात. मुंबईच्या आयआयटीत मराठीसह भारतीय भाषांच्या शब्दजालांवर, म्हणजे शब्दांचे परस्पर अर्थसंबंध दाखवणाऱ्या संगणकीय कोशांवर, अनेक वर्षे काम झाले आहे. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांतील यांत्रिक भाषांतराचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, आणि खाजगी कंपन्यांनाही मराठी मजकूर व आवाज यांची तपासणी करणारी माणसे लागतात. यातले बरेचसे काम मजकुराला खुणा लावण्याचे, कंत्राटी आणि कंटाळवाणे असते. त्यातून वर सरकतात ते पायथन येणारे. इतरांनी हे काम वर्ष-दीड वर्षाचा अनुभव म्हणून करावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यावर नोकऱ्यांच्या आशा पुष्कळ पल्लवित झाल्या, परंतु पदे निर्माण होण्याची गती घोषणांच्या गतीहून नेहमीच कमी असते.

वाचा-भाषा उपचार (स्पीच थेरपी) हे क्षेत्र पुष्कळांना भाषाविज्ञानाचीच शाखा वाटते. त्याची चार वर्षांची पदवी बारावी विज्ञानानंतरची आहे आणि व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही त्यासाठीची ठिकाणे आहेत. एम. ए. भाषाविज्ञान करून पुढे तिकडे वळू, असे ठरवून कोणी प्रवेश घेऊ नये.

लेख वाचणारे कोणी अजून शाळेत असतील, तर त्यांनी पाणिनी भाषाविज्ञान ऑलिंपियाडची माहिती घ्यावी. तिच्यातून आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाडसाठी भारतीय संघ निवडला जातो. २०१६ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हैसूरलाच झाली होती. अनोळखी भाषेची दहा वाक्ये आणि त्यांचे अर्थ देऊन तिचे व्याकरण शोधायला लावणारी ही कोडी सोडवायला आधीचे ज्ञान लागत नाही.

तिसरी पायरी : भाषाविज्ञानासाठी परदेश

अमेरिकेत एम. ए. स्वखर्चाने आणि पीएच. डी. विद्यापीठाच्या खर्चाने, असे ढोबळमानाने समजावे. पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा शुल्कमाफी आणि अध्यापन-साहाय्याबद्दल विद्यावेतन मिळते. म्हणून भारतात एम. ए. करून थेट पीएच. डी.साठी अर्ज करणे आर्थिक दृष्ट्या शहाणपणाचे ठरते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सहामाहीला १५०० युरो भरावे लागतात, आणि भाषाविज्ञानासाठी प्रसिद्ध असलेले ट्युबिंगेन त्याच राज्यात आहे. शुल्क नसले, तरी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम गोठवलेल्या खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, आधी दाखवावी लागते, आणि भारतीय अर्जदारांना एपीएस हे कागदपत्र-पडताळणीचे प्रमाणपत्र काढावे लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून प्रवेशपत्राची वाट न पाहता आधीच अर्ज करावा.

अर्जात सर्वाधिक वजन पडते ते लेखननमुन्याचे. इथे मराठीभाषकाकडे असलेले भांडवल तो स्वतःच अनेकदा विसरतो. इंग्रजीच्या वाक्यरचनेवर जगभर हजारो लोक लिहितात. चंदगडी, अहिराणी, झाडी किंवा मालवणी यांतला एखादा प्रत्यय कसा वागतो, यावर स्वतः गोळा केलेल्या सामग्रीनिशी लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आहे आणि त्यातील ध्वनिमुद्रणे व नकाशे पाहता येतात. विषय सुचण्यासाठी त्याहून चांगली जागा नाही. भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पीएच. डी. मिळवली, ती मराठीच्या स्वनिमव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर. आजीच्या गावी आठवडाभर राहून केलेले, नीट लिप्यंतरित केलेले दोन तासांचे ध्वनिमुद्रण आणि त्यावरची पंधरा-वीस पानांची मांडणी, एवढी शिदोरी असली की प्राध्यापकांना पाठवायच्या पत्रात काय लिहावे हा प्रश्न उरत नाही. बोलणाऱ्याची संमती घेऊन तशी नोंद ठेवावी. परदेशी विद्यापीठे याबाबत काटेकोर असतात.

चौथी पायरी : इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांनी आधी देश पाहावा

प्रमाणपत्रे विकणाऱ्या संस्था हे सहसा सांगत नाहीत, पण या व्यवसायात उमेदवाराचे पारपत्र त्याच्या इंग्रजीच्या आधी पाहिले जाते. पूर्व आशियातल्या काही देशांनी इंग्रजी शिक्षकांच्या व्हिसासाठी ‘मूळ इंग्रजीभाषक’ देशांची यादी केलेली आहे आणि तिच्यात भारत नाही. हे अन्यायाचे आहे, हे माझेही मत आहे. पण त्यावर चिडून व्हिसा मिळत नाही, म्हणून कोणते दार उघडे आहे तेवढे पाहावे.

दक्षिण कोरियात खाजगी शिकवणी संस्थांमधील नोकऱ्या भारतीयांना जवळजवळ बंद आहेत. परंतु भारत आणि कोरिया यांच्यातील व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला, आणि त्यातील तरतुदीनुसार इंग्रजी विषयाची शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांतील साहाय्यक शिक्षकपदासाठी ‘एपिक’ या कार्यक्रमात अर्ज करता येतो. म्हणजे कोरियाचा विचार असणाऱ्याने लघुमुदतीच्या प्रमाणपत्राऐवजी बी. एड.ला प्राधान्य द्यावे. जपानचा ‘जेट’ हा शासकीय कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्यात भारताचाही समावेश आहे, पदवी पुरते, अध्यापनाचा परवाना सक्तीचा नाही, आणि वर्षाचा करार वाढत वाढत पाच वर्षांपर्यंत जाऊ शकतो. मात्र भारतातून निवडले जाणारे फार थोडे असतात. जेटखेरीज इतर मार्गांनी जपानमध्ये भाषाशिक्षक म्हणून जाताना सर्वसाधारणपणे बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा मागतात. मराठी माध्यमातून आलेल्यांची इथे अडचण होते. सेमी-इंग्रजीच्या वर्षांचे काय धरले जाईल, हे अर्जापूर्वी संबंधित दूतावासाला लेखी विचारून घ्यावे.

थायलंड आणि व्हिएतनाम इथे भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने दिसतात. पदवी, अध्यापनाचे प्रमाणपत्र आणि इंग्रजीच्या प्रमाणित परीक्षेचे गुण ही तिथली नेहमीची मागणी असते. थायलंडमध्ये शाळेत शिकवण्यासाठी ‘खुरुसपा’ या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा त्यातून दिलेली तात्पुरती सवलत लागते. अशा परीक्षांपैकी आयईएलटीएसचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो, त्यामुळे ही परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात फायदा नाही.

आखाती देशांचे गणित आपल्याला सर्वांत अनुकूल आहे. संयुक्त अरब अमिराती, ओमान, कुवेत, कतार, बहारीन आणि सौदी अरेबिया या सर्व ठिकाणी सीबीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळा आहेत आणि तिथे इंग्रजी शिकवणारे शिक्षक भारतातूनच जातात. पदवीचा विषय इंग्रजी, बी. एड. आणि भारतातल्या सीबीएसई किंवा आयसीएसई शाळेतला दोन-तीन वर्षांचा अनुभव असला, की मुलाखतीपर्यंत पोहोचणे कठीण नसते. महाराष्ट्रात बी. एड.साठी सीईटी द्यावी लागते. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात प्रवेश हवा असल्यास तिच्याच जोडीची ईएलसीटी ही इंग्रजीची चाचणीही द्यावी, जिच्याकडे अर्ज भरताना अनेकांचे दुर्लक्ष होते. दूरशिक्षणाने घेतलेल्या पदवीबद्दल आखातात प्रश्न निघतात, कारण पडताळणीत शिक्षणाची पद्धत विचारली जाते. म्हणून शक्य तिथे नियमित पद्धतीचीच पदवी घ्यावी.

पाचवी पायरी : प्रमाणपत्र कोणते घ्यावे

देश ठरल्यावर हा प्रश्न बराच सोपा होतो. केंब्रिजचे सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेजचे सर्टटीसॉल ही दोन प्रमाणपत्रे जगभर मानली जातात, कारण दोहोंत खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास, परीक्षकाच्या नजरेसमोर, शिकवावे लागते. सेल्टाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चार-पाच आठवड्यांचा, किमान १२० तासांचा असतो. चार लेखी स्वाध्याय असतात आणि प्रवेशाआधी भाषाजाणिवेची चाचणी व मुलाखत होते. त्या काळात नोकरी किंवा घरचे कार्य मध्ये येऊ देऊ नये, कारण रात्री पाठाची टाचणे लिहिण्यात जातात. खर्च लाखाच्या पुढे जातो. आखातातल्या भारतीय शाळेत जाणाऱ्याला याची गरज नाही. प्रौढांना शिकवणाऱ्या भाषासंस्थांत जाणाऱ्याला आहे.

आंतरजालावर काही हजारांत मिळणारी ‘१२० तासांची’ टेफल, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याची, प्रमाणपत्रे ही वेगळी गोष्ट आहे. त्यांत प्रत्यक्ष अध्यापन नसते. एखाद्या देशाच्या व्हिसासाठी असा कागद पुरत असेल, तर तो अवश्य घ्यावा, पण त्याने शिकवता येऊ लागेल अशी अपेक्षा ठेवू नये. अध्यापनशास्त्र सखोल शिकायचे असल्यास इफ्लूच्या इंग्रजी अध्यापनाच्या पदव्युत्तर प्रमाणपत्र व पदविका अभ्यासक्रमांना भारतात चांगला मान आहे. १९५८ मध्ये सुरू झालेली ही संस्था मुळात इंग्रजीच्या शिक्षकांना घडवण्यासाठीच स्थापन झाली होती.

दोन्ही आवडी असलेल्यांसाठी मधली एक वाट आहे, आणि ती मला विशेष प्रिय आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे वर्ग पुण्यात चालतात आणि परदेशी अभ्यासक तिथे मराठी शिकतात. अशा प्रौढ विद्यार्थ्यांना आपली भाषा शिकवताना व्याकरण समजावण्याची जी सवय लागते, ती भाषाविज्ञानाला आणि अध्यापनाला सारखीच उपयोगी पडते. फुलब्राइटच्या परदेशी भाषा अध्यापन साहाय्यक योजनेतून तरुण भारतीय इंग्रजी शिक्षकांना एका शैक्षणिक वर्षासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठात हिंदी, उर्दू यांसारख्या भाषा शिकवायला पाठवले जाते. जाहिरातीत त्या वर्षीच्या भाषा दिलेल्या असतात.

सहावी पायरी : कागदपत्रे

या पायरीला कंटाळून अनेकांचे वर्ष वाया जाते. मराठी माणसाची पहिली अडचण नावाची असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव. पदवीवर कधी आईचेही नाव. पारपत्रावर नाव व आडनाव असे दोन वेगळे रकाने. आणि लग्नानंतर बदललेले नाव आधारवर असले तरी पदवीवर नाही. परदेशी अधिकाऱ्याला ही तीन निरनिराळी माणसे वाटू शकतात. पारपत्र काढतानाच दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळणारे नाव घालावे, आणि नाव बदलले असल्यास राजपत्रातील नोंद किंवा विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र तयार ठेवावे.

त्यानंतर पदवीचे साक्षांकन. जपान, दक्षिण कोरिया, ओमान यांसारखे देश कागदपत्रांविषयीच्या हेग करारात असल्याने तिथे परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, चालतो. अमिरातीसाठी मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचेही साक्षांकन लागते. त्याआधी राज्य पातळीवरील पडताळणी होते, आणि ती मूळ पदवी-प्रमाणपत्रावर होते. दीक्षांत समारंभानंतरची मूळ पदवी विद्यापीठातून आणलेलीच नाही, असे पदवीधर आपल्याकडे कमी नाहीत. पोलिसांचा चारित्र्यदाखला पारपत्र सेवा केंद्रामार्फत मिळतो. तो ताजाच मागितला जात असल्यामुळे सर्वांत शेवटी काढावा.

सातवी पायरी : दलाल आणि करारपत्र

नोकरी देणारा दलाल नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत दलालाला उमेदवाराकडून कमाल ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच सेवाशुल्क घेता येते, आणि त्याची पावती द्यावी लागते. लाखांच्या गोष्टी करणाऱ्या किंवा ‘आधी पर्यटन व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ’ असे म्हणणाऱ्या माणसाशी बोलणे तिथेच थांबवावे.

करारपत्रात आठवड्याचे प्रत्यक्ष तास, घराची सोय किंवा घरभाडे, विमानभाडे, आजारपणाचा विमा, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास होणारी वसुली आणि उन्हाळी सुट्टीतील वेतन ही कलमे शोधून वाचावीत. शेवटच्या कलमाकडे आखातात जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. तिथल्या काही शाळा सुट्टीचे वेतन पुढच्या वर्षी रुजू झाल्यावरच देतात. पारपत्र मालकाकडे ठेवून घेण्याची अट असेल, तर सही करू नये. सही केलेल्या कराराची, व्हिसाची आणि पारपत्राची प्रत घरी एका व्यक्तीकडे ठेवावी, पोहोचल्यावर भारतीय दूतावासाकडे नोंद करावी, आणि वेतन अडकल्यास किंवा कागदपत्रे अडवून धरल्यास मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार-प्रणालीवर त्या प्रतींसह तक्रार दाखल करावी.